बारावीनंतर घराबाहेर पडणाऱ्या तरुणांना धीर कसा द्यावा: कोल्हापूरच्या मंडळ्यांसाठी व ख्रिस्ती घरांसाठी मार्गदर्शक

बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत कोल्हापुरातील ख्रिस्ती घरांमधून बरीच मुले-मुली बाहेर पडतात. कोणी अभियांत्रिकीसाठी पुण्याला जाते, कोणी नर्सिंगसाठी मिरजेला, कोणी मुंबईला नातेवाइकांकडे राहून नोकरी शोधते. काही जण इथेच शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात प्रवेश घेतात. या मुलांसाठी आपल्या मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांचे समुदाय, काहीच करत नाहीत असे नाही. एका रविवारी उपासनेनंतर गुणवंतांना पुढे बोलावून पुष्पगुच्छ दिला जातो, टाळ्या होतात, फोटो निघतो. मात्र ज्या तरुणाला त्या दिवसांत सर्वांत जास्त धीर हवा असतो, तो बहुधा त्या फोटोत नसतो. धीर देणे ही एका दिवसाची गोष्ट नसून परीक्षेच्या आधीपासून पहिल्या नाताळच्या सुट्टीपर्यंत चालणारी सेवा आहे, आणि ती नीट आखून करावी लागते, हे या लेखात मांडायचे आहे. पुढील पायऱ्या पाळक, तरुण संघाचे चालक, रविवारशाळेचे शिक्षक आणि पालक अशा सर्वांसाठी आहेत. मंडळी लहान असेल तर दोन-तीन माणसांनाही हे काम पेलता येईल.

पहिली पायरी: जानेवारीत यादी करा आणि प्रत्येकासाठी एक सोबती नेमा

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आणि फेब्रुवारी-मार्चमधील लेखी परीक्षा यांच्या आधीच, म्हणजे जानेवारीच्या आरंभी, आपल्या मंडळीतील बारावीला बसणाऱ्या सर्व मुलामुलींची यादी करावी. यादी फक्त रविवारी दिसणाऱ्यांची नसावी. बाप्तिस्म्याच्या आणि रविवारशाळेच्या जुन्या नोंदवह्या काढून पाहिल्या, तर क्लासमुळे किंवा घरच्या अडचणींमुळे दोन वर्षे उपासनेला न आलेली नावेही सापडतात. ती आवर्जून घ्यावीत. मुक्त विद्यालयातून परीक्षा देणारे, आयटीआय किंवा डिप्लोमा पूर्ण करणारे आणि शिक्षण सोडून कामाला लागलेले त्याच वयाचे तरुणही याच यादीत असावेत, कारण आयुष्याच्या त्याच वळणावर तेही उभे आहेत.

यादी झाली की प्रत्येकासाठी मंडळीतील एक प्रौढ व्यक्ती सोबती म्हणून नेमावी. मुलासाठी पुरुष आणि मुलीसाठी स्त्री असावी, पालकांना हे आधी सांगून त्यांची संमती घ्यावी, आणि भेटी घरी किंवा चर्चच्या आवारात, इतरांच्या नजरेसमोर व्हाव्यात. या नियमांबाबत सवलत देऊ नये, मग ती व्यक्ती कितीही आदरणीय असो. सोबती हुशार किंवा उच्चशिक्षित असण्याची गरज नाही. तो नियमितपणे फोन करणारा, ऐकून घेणारा आणि ऐकलेले चारचौघांत न बोलणारा असावा. सेवानिवृत्त परिचारिका, एसटीतील वाहक, शाळेतील शिपाई, गृहिणी, यांपैकी कोणीही हे काम उत्तम करू शकते. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास प्रथम त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात वसत होता असे पौल लिहितो, म्हणजे घरातील दोन स्त्रियांनीच तो विश्वास जपला होता.

परीक्षेच्या काळात सोबत्याने एकच प्रश्न विचारावा: आम्ही तुझ्यासाठी कशाबद्दल प्रार्थना करू? उत्तर जे येईल ते तसेच्या तसे प्रार्थनेत मांडावे. पुष्कळदा ते गुणांविषयी नसते. वडिलांचा संताप, झोप न लागणे, भौतिकशास्त्राची भीती, मैत्रिणीशी तुटलेले बोलणे, असे काहीतरी निघते. विचारल्याशिवाय हे कोणालाच कळणार नाही.

दुसरी पायरी: निकालाच्या दिवसाची तयारी आधीच करून ठेवा

या पायरीवर मी सर्वांत जास्त भर देईन. राज्य मंडळाचा निकाल साधारणतः मे महिन्यात दुपारी संकेतस्थळावर जाहीर होतो, आणि त्यानंतरच्या तासाभरात घरात काय बोलले जाते, हे मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहते. म्हणून निकालाची तारीख जाहीर झाली की सोबत्याने पालकांची भेट घेऊन तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. निकाल पाहताना मुलाजवळ घरचे कोण असेल? निकाल कसाही लागला तरी पहिले वाक्य कोणते बोलायचे? आणि नातेवाइकांचे फोन त्या दिवशी कोण घेणार? पहिले वाक्य ठरवून ठेवणे काहींना कृत्रिम वाटेल, परंतु धक्क्याच्या क्षणी तोंडून काय निघेल याचा भरवसा कोणालाच नसतो. ‘तू आमचा आहेस, जेवून घे, मग बसून बोलू,’ एवढे पुरेसे आहे.

मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टक्केवारी टाकू नये, असा ठराव पंच समितीने किंवा वडीलमंडळाने आधीच करावा. ज्याला स्वतः आपला आनंद सांगायचा आहे त्याने जरूर सांगावा, परंतु यादी प्रसिद्ध करण्याचे काम मंडळीचे नाही.

अनुत्तीर्ण झालेल्या मुलाकडे सोबत्याने त्याच दिवशी जावे. जाताना उपदेश नेऊ नये, माहिती न्यावी. बारावीची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैच्या सुमारास होते, तिचा अर्ज आपल्याच महाविद्यालयामार्फत भरायचा असतो, त्याची मुदत थोडी असते, आणि गुणपडताळणी व उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवण्याची सोयही असते. कोल्हापूर, सातारा व सांगली या तीन जिल्ह्यांचे विभागीय मंडळ कोल्हापुरातच असल्यामुळे शंका राहिल्यास तिथे जाऊन विचारता येते. मुदत निघून गेल्यावर दिलेले सांत्वन फारसे कामाचे नसते; अर्ज वेळेत भरून देणे हेच त्या आठवड्यातील खरे धीर देणे आहे.

पवित्र शास्त्रातून काही वाचायचेच असेल तर योहान मार्काची हकिकत वाचावी. पहिल्या सुवार्ताफेरीत तो पंफुल्याहून माघारी फिरला. पुढच्या वेळी त्याला बरोबर घ्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तीव्र मतभेद झाला की दोघे वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला. हे प्रेषितांची कृत्ये पंधराव्या अध्यायात आहे. पुढे अनेक वर्षांनी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच पौल, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, अशा अर्थाचे लिहितो, आणि मंडळीची परंपरा दुसऱ्या शुभवर्तमानाचे लेखन या मार्काकडेच देते. मधल्या काळात मार्क सावरला, त्याचे एक कारण असे की एक मोठा माणूस त्याच्या बाजूने उभा राहिला होता. हे वाचून झाल्यावर त्यावर भाष्य करण्याची गरज नाही. मुलांना ते समजते.

एखादा मुलगा किंवा मुलगी बोलेनाशी झाली, जेवण टाकले, जगून काय उपयोग अशा अर्थाचे काही म्हणाली, तर तिला एकटे सोडू नये, आणि प्रार्थनेबरोबर त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक निकालाच्या आदल्या रविवारीच फलकावर लावावा. समुपदेशकाकडे जाणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण आहे, असे कोणी म्हटले तर पाळकांनी ते तिथल्या तिथे, स्पष्ट शब्दांत खोडून काढावे.

तिसरी पायरी: कागदपत्रे

हा भाग रूक्ष आहे, तरी तो टाळू नये. ख्रिस्ती समाज अधिसूचित अल्पसंख्याकांमध्ये मोडतो, आणि राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचे अर्ज भरता येतात. त्यासाठी लागणारे उत्पन्नाचे व रहिवासाचे दाखले काढण्यासाठी निकालानंतर सेवा केंद्रांवर गर्दी होते, म्हणून ते एप्रिलमध्येच काढून ठेवावेत. मंडळीतील संगणक जाणणाऱ्या एखाद्या तरुणाने दोन रविवार उपासनेनंतर बसून अर्ज भरायला मदत केली, तर अनेक घरांचा भार हलका होईल. बाप्तिस्म्याचा दाखला आणि नव्या गावातील मंडळीच्या पाळकांना उद्देशून लिहिलेले परिचयपत्र याच वेळी तयार करावे. प्रवेशशुल्काची अडचण असलेल्या घराला मदत करायची असेल तर ती दोन वडिलांच्या हातून, नाव न उच्चारता, शक्य तितक्या लवकर पोहोचवावी.

चौथी पायरी: निरोपाची उपासना

जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, बहुतेक मुले गावात असतील असा रविवार निवडावा. पुढे येणाऱ्यांमध्ये उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, बाहेरगावी जाणारे, इथेच राहणारे आणि कामाला लागलेले असे सर्व जण असावेत, आणि त्यांची नावे वर्णानुक्रमे घ्यावीत. गुण, क्रमांक, महाविद्यालयाचे नाव यांपैकी काहीही वाचू नये. प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या सोबत्याने एक वाक्य बोलावे, आणि ते वाक्य त्या मुलाच्या स्वभावाविषयी किंवा मंडळीत त्याने केलेल्या एखाद्या कामाविषयी असावे.

वचन निवडताना बहुतेक ठिकाणी यिर्मया २९:११ घेतले जाते. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, हे त्या वचनाचे आश्वासन खरे आणि मौल्यवान आहे. तरीही ते एकटे वाचू नये. ते वचन बाबेलमध्ये बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातील आहे, आणि त्याच पत्रात त्याच्या आधी सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, अशी सूचना पाचव्या ते सातव्या वचनांत आहे. सीईटीत हवी ती शाखा न मिळालेल्या मुलाला अकरावे वचन एकटे ऐकवले, तर देवाचा संकल्प फसला की काय, असे त्याला वाटू शकते. संपूर्ण पत्र वाचले तर त्याला कळते की हे आश्वासन मुळी नको त्या ठिकाणी जाऊन पडलेल्या लोकांनाच दिलेले आहे, आणि तिथेच मन लावून राहण्याची आज्ञाही त्यात आहे.

स्थानिक इतिहासातील एक उदाहरण या प्रसंगी सांगण्याजोगे आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये याच शहरात जन्मला, आणि पुढे अमेरिकेत शिकत असताना त्याने व त्याची बहीण ग्रेस यांनी विद्यार्थ्यांमध्ये सुवार्ताकार्याची ओढ निर्माण व्हावी म्हणून सातत्याने प्रार्थना केली. १८८६ मध्ये पदवी मिळाल्यावर रॉबर्ट मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथील विद्यार्थी संमेलनाला गेला. त्या उन्हाळ्यात तिथल्या शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेची तयारी दर्शवली आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. आपल्या गावात जन्मलेल्या, नुकतेच शिक्षण संपवलेल्या एका तरुणाकडून देवाने एवढे काम घेतले, हे इथल्या मुलांना माहीत असायला हवे. मात्र ते सांगताना, तुम्हीही असेच मोठे काहीतरी करा, असे ओझे त्यांच्यावर टाकू नये. रॉबर्टच्या मागे प्रार्थना करणारे घर होते, यावर भर द्यावा. त्यातून पालकांनाही आपला वाटा कळेल.

शेवटी वडील आणि पालक यांनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, आणि पाळकांनी गणना सहाव्या अध्यायातील आशीर्वाद द्यावा. भाषणे नकोत. भेट म्हणून पवित्र शास्त्र द्यायचे असेल तर मूल कोणत्या भाषेत सहज वाचते हे आधी विचारावे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांपैकी काहींना मराठी ऐकायला आवडते, पण वाचायला जड जाते. पहिल्या पानावर छापील चिठ्ठी न चिकटवता सोबत्याने हाताने दोन ओळी लिहाव्यात.

पाचवी पायरी: पत्र लिहा

उपासनेत बोललेले शब्द विसरले जातात, पत्र मात्र बॅगेत राहते. सोबत्याने किंवा पालकाने एका पानाचे पत्र लिहावे. त्यात मुलाविषयी स्वतः पाहिलेली एक खरी गोष्ट असावी, एक वचन असावे, एक ठोस आश्वासन असावे, आणि अपेक्षांची यादी अजिबात नसावी. नमुन्यादाखल एक पत्र पुढे देतो.

‘चि. … यास, सप्रेम सलाम. तू रविवारशाळेत असताना नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायचास, आणि आपला पोशाख होण्याआधी धाकट्या मुलांच्या डोक्याला फडकी बांधून द्यायचास. तुला कोणी तसे सांगितले नव्हते. दुसऱ्याची काळजी घेण्याचा हा स्वभाव देवाने तुला दिला आहे असे मी तेव्हापासून मानत आलो आहे, आणि तू जाशील तिथे तो लोकांच्या उपयोगी पडेल. स्तोत्र १२१ मी तुझ्यासाठी निवडले आहे. ते घर सोडून वाटेला लागलेल्या माणसाचे स्तोत्र आहे. दर बुधवारी सकाळी मी तुझे नाव घेऊन प्रार्थना करीन, आणि महिन्यातून एकदा फोन करीन. पैसे संपले, आजारी पडलास किंवा काही चुकले, तर रात्री कितीही वाजता मला फोन कर. आधी तुला मदत करीन, प्रश्न नंतर विचारीन. तुझा, …’

जे पाळता येणार नाही ते पत्रात लिहू नये. बुधवारचे वचन दिले असेल तर बुधवारी प्रार्थना झालीच पाहिजे.

सहावी पायरी: जाण्यापूर्वी मोकळे बोला

घर सोडण्याआधीच्या आठवड्यात पालकांनी मुलाबरोबर शांतपणे तासभर बसावे. दारू, प्रेमसंबंध, मोबाइलवरील अश्लील मजकूर, उसने पैसे, या विषयांवर घरात कधीच बोलणे झालेले नसेल तर ते आता व्हावे, आणि त्यात धमकीचा सूर नसावा. विश्वासाविषयीच्या शंकांबद्दलही बोलावे. विज्ञानाचा प्राध्यापक किंवा खोलीतील मित्र असा प्रश्न विचारील की ज्याचे उत्तर मुलाकडे नसेल. तेव्हा ‘मला ठाऊक नाही, मी विचारून सांगतो,’ असे म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे, आणि शंका आल्याने देव दूर जात नाही, हे त्याला आईवडिलांच्या तोंडून ऐकायला मिळावे.

दानीएलाचा पहिला अध्याय यासाठी एकत्र वाचावा. तो तरुण परक्या दरबारात गेला, तिथली भाषा आणि विद्या शिकला, तिथले नवे नावही त्याला मिळाले. परंतु एका बाबतीत त्याने मनाशी निश्चय केला होता, आणि तो निश्चय त्याने अधिकाऱ्याशी भांडून नव्हे, तर दहा दिवसांची कसोटी घ्या अशी नम्र विनंती करून पाळला. वसतिगृहात वेगवेगळ्या धर्मांच्या मुलांबरोबर राहताना हीच रीत उपयोगी पडते. मित्रांच्या सणाच्या आनंदात सहभागी होणे, त्यांच्या घरचे जेवणे, त्यांच्या श्रद्धेविषयी आदराने बोलणे आणि आपण प्रार्थना कोणाला करतो हे न लपवणे, या गोष्टी एकत्र नांदू शकतात. कोल्हापूरच्या मुलांना हे नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने या शहरात विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे उभी राहिली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते, आणि शेजारधर्म इथे पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे.

वाचनाची सवय लावायची तर आरंभ छोटा असावा. मार्काचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे. रोज एक वाचला तर पहिल्या पंधरवड्यातच जवळजवळ पूर्ण होते. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत, म्हणून महिन्याच्या तारखेप्रमाणे ते वाचता येतात. सकाळी कॉलेजची बस चुकेल अशी लांबलचक योजना आखून दिली, तर ती आठवडाभरात सुटते आणि मागे अपराधीपणा राहतो.

सातवी पायरी: पहिला महिना

नव्या गावात पहिल्या दोन रविवारी उपासनेला गेलेला विद्यार्थी पुढेही जात राहण्याची शक्यता जास्त असते, म्हणून चर्च शोधण्याचे काम मुलावर सोडू नये. निघण्यापूर्वीच पाळकांनी तिथल्या पाळकांना फोन करावा, आणि शक्य झाल्यास तिथल्या मंडळीतील एखादे कुटुंब पहिल्या रविवारी मुलाला घ्यायला येईल अशी व्यवस्था करावी. पुण्यात गुरुवार पेठेतील पंच हौदाच्या पवित्र नाम देवालयासह मराठी उपासनेच्या जुन्या मंडळ्या आहेत. महाविद्यालयांत युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडियासारख्या संस्थांचे विद्यार्थी गट असतात. तिथे आपल्या वयाची सोबत मिळते. गट कोणताही असो, तो घरच्यांशी बोलणे तोडायला सांगत असेल, पैशांचा तगादा लावत असेल किंवा प्रश्न विचारू देत नसेल, तर तिथून निघून यावे, हेही मुलाला सांगून ठेवावे.

शमुवेल लहानपणी एली याजकाकडे राहायला गेला, तेव्हा त्याची आई दरवर्षी एक लहानसा झगा शिवून त्याच्याकडे नेत असे. पालकांनी हा भाग वाचावा. झगा शिवताना तिला मुलगा वर्षभरात किती वाढला असेल याचा अंदाज करावा लागत असणार. त्याचप्रमाणे फोनवर बोलताना आपणही मूल आता बदलत आहे हे ध्यानात घ्यावे. उपासनेला गेलास का, हा फोनवरचा पहिला प्रश्न नसावा. मेसमधले जेवण, खोलीतले सोबती, कोणता विषय अवघड जातो, हे आधी विचारावे.

आठवी पायरी: इथेच राहणारे आणि येईनासे झालेले

बाहेर गेलेल्यांची काळजी घेताना कोल्हापुरातच राहिलेले तरुण मागे पडतात. त्यांच्याकडून नाताळात खुर्च्या लावून घेतल्या जातात आणि निर्णय मात्र वडीलधारे घेतात. अशा प्रत्येकाला जुलैपासूनच जबाबदारीचे खरे काम द्यावे: रविवारशाळेचा एक वर्ग, तरुण संघाच्या जमाखर्चाची वही, उपासनेतील शास्त्रवाचन, आजारी सभासदांच्या भेटी. काम दिले की ते त्यांच्या पद्धतीने करू द्यावे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील चौथ्या अध्यायात, कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये, असे पौल सांगतो. तरुणाने ते पाळायचे तर ज्येष्ठांनी त्याला जागा दिली पाहिजे.

काही जण सगळे करूनही उपासनेला येईनासे होतात. त्यांच्या सोबत्याने महिन्याचा फोन थांबवू नये आणि त्या फोनला उपदेशाचे निमित्त करू नये. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत असा तरुण घरी आला, तर त्याला जेवायला बोलवावे, त्याचा अभ्यास कसा चालला आहे ते विचारावे, आणि जाताना त्याची हरकत नसेल तर त्याच्यासाठी थोडक्यात प्रार्थना करावी. हरकत असेल तर ती मान्य करून पुढच्या फोनची तारीख ठरवावी.